बुलंदजंगाच्या तांबड्या पायांची हकीकत

गजवदनास नमन, शारदेस नमन, आणि ज्याचे चार पायांपायी हे सर्व राजकारण घडले त्या चतुष्पादासही नमन. शके सतराशे एकोणतीस, प्रभवनाम संवत्सर, ते साली भाद्रपदमासी वर्तमान ऐसे जाहले जे, महाराजांचे पदरी एक विलायती श्वान होता. पूर्वी एका टोपीकर सौदागराने तो पिल्लू असता नजर केला, आणि श्वानखात्याचे नाईक सुभानजी घोलप यांनी त्यास पागोट्यात घालून बंदरावरून आणिले. अंगाने पांढरा, उंचीने ठेंगणा, छाती नगाऱ्याएवढी, आणि तोंडावर घड्या ऐशा की धोतर पिळून कोणी वाळत घालणे विसरला. सौदागराने जात "बुलडाग" सांगितली, दरबारास "बुलंदजंग" ऐकू आले, आणि दरबाराने ऐकिले ते माघारी कोण घेतो, म्हणोन तोच किताब कायम जाहला. बुलंदजंग गादीपाशी निजत, आणि त्यांचे घोरणे ऐकोन महाराज मसलत तहकूब करीत, येणेकरून कित्येक लढाया टळल्या.

त्या भाद्रपदात बुलंदजंगांच्या पायांची बोटे बेचक्यांत तांबडी होऊ लागली, आणि ते अष्टौप्रहर पाय चाटीत बसले. मग नारोभट जोशी, दरबारचे ज्योतिषी, जे पोथी पाहिल्याशिवाय शिंकत नसत, त्यांनी पोथी पाहून सांगितले जे, "महाराज, हे कुंकुमचरण होत. तांबडे पाऊल लक्ष्मीचे. श्वान स्वतः आपली पाद्यपूजा करितो, मग आपण का न करावी?" महाराजांस संतोष जाहला आणि आज्ञा जाहली जे, प्रातःकाळी चारही पायांस दूध, दही, तूप, मध, साखर यांचा अभिषेक व्हावा, मग ओल्या रेशमी फडक्यात पाय बांधावे, आणि जिलबीचा नैवेद्य दाखवावा. दरबाराने तीर्थ घेतले. आम्ही दरबारचे लिहिणार, आम्हीही घेतले, आणि मागाहून दुसऱ्यांदाही घेतले, कारण पहिल्याने जोशीबुवांचे लक्ष नव्हते. पूजेने पाय अधिक तांबडे जाहले. जोशीबुवा म्हणाले, लक्ष्मी वाढली. मग पूजा दुपारीही होऊ लागली आणि पाय विस्तवासारखे जाहले. आमची बैठक श्वानाचे उजवे हातास, सबब आंबूस वास प्रथम आम्हांस आला, परंतु लक्ष्मीस वास येतो ऐसे लिहावे कैसे, म्हणोन दफ्तरी "सुगंध" लिहिले. दसऱ्यास सीमोल्लंघनी बुलंदजंगांनी सर्वांपुढे चालावे, ऐसाही ठराव जाहला. आणि ते तर आता तीन पायांवर उभे राहू लागले. चौथा पाय टेकिला की कण्हत. सुभानजीस अन्न गोड लागेना. अभिषेक थांबवावा काय, ऐसे त्याने जोशीबुवांस पुसले, तो ते म्हणाले, "नाईक, तांबडेपणा गेला तर राज्याची लक्ष्मी गेली समजा, आणि मग श्वान व तुम्ही दोघेही सीमेपार. पुन्हा इकडे येणे नाही." सुभानजी माघारी येऊन फडके बांधीत राहिला.

पुढे सर्वपित्रीचे दुसरे दिवशी, घटस्थापनेस, तुळजाई हलवाईण नैवेद्याची परात घेऊन स्वतः आली. दाराशीच थबकली, नाक वर केले आणि म्हणाली, "माजं पीठ हितं कुनी आनलं?" सुभानजी म्हणाला, "कसलं पीठ, आक्का?" ती म्हणाली, "जिलबीचं. दोन दिसाचं आंबलेलं. चाळीस वर्सं हाच वास घिऊन उठते मी." आणि वासाचे मागे मागे जाऊन ती बुलंदजंगांपाशी बसली, फडके सोडिले, बोटे फाकवून पाहिली, आणि सुभानजीकडे ऐसे पाहिले की त्याने मान खाली घातली. "पीठ फुगवायला तीन जिन्नस लागत्यात, नाईक. ओल, ऊब आन गोडी. तुमी तिन्ही देताय, वर रेशमात गुंडाळून ठेवताय. ह्यो फुगंल न्हाईतर काय करंल? आन चाटून चाटून बिचारा सोता आनखी ओल घालतुया." सुभानजी म्हणाला, "मग मोडायचं कसं?" ती म्हणाली, "तिन्ही तोडायच्या. साध्या पान्यानं धू, वाईच उसाचा आंबट शिरका लई पान्यात घालून फिरव, कातडं फुटलंय तितं लावू नगंस, झोंबंल. मग सुती कापडानं बेचकी न् बेचकी कोरडी कर. भाईर जाऊन आला की पूस. आन माजी जिलबी बंद. माजा धंदा बुडाला तरी चालंल."

औषध कळले, परंतु अभिषेक थांबवावा कैसा? मग सुभानजीस, जो आजवर चातुर्याविषयी प्रसिद्ध नव्हता, एक बुद्धी सुचली. तो जोशीबुवांकडे जाऊन हात जोडून म्हणाला, "बुवा, घरचे देव घटी बसले म्हंजे नऊ दिस त्यास्नी हलवत न्हाईत, आंघोळ घालत न्हाईत. मग हे चरण देव हायती, तर ह्यास्नीबी घटी बसवायला नको का?" जोशीबुवांनी पोथी चाळिली, पुनः चाळिली, आणि आपल्याच शास्त्रात आपण सापडलो हे जाणोन म्हणाले, "बसवावे." मग नऊ दिवस अभिषेक बंद, नैवेद्य बंद, उपवास म्हणोन उकडलेले मांस सुरू. हा उपवास कोणत्या पोथीत आहे ते जोशीबुवांनी पुसले नाही आणि सुभानजीने सांगितले नाही. कोठडीचे दार लावून सुभानजी व तुळजाई दिवसातून चार वेळा पाय धूत आणि पुसत. चाटू नये म्हणोन तुळजाईने बुडाविना टोपली गळ्यात अडकविली, आणि बुलंदजंग त्या टोपलीतून खिडकीबाहेर पाहत, ते पाहोन दोघा सरदारांनी तैसीच टोपली आपणांसही बक्षीस व्हावी म्हणोन अर्ज केले. सातवे दिवशी चौथा पाय भुईस टेकिला. सुभानजी भिंतीकडे तोंड करून रडला, आणि तुळजाई म्हणाली, "आता पाय पुसायचे का तुजं डोळं?"

दसऱ्याचे दिवशी दरबार भरला आणि बुलंदजंग चारही पायांवर, डुलत डुलत, आत आले. पाय पांढरे, बेचकीत जरा गुलाबी. जोशीबुवा उठोन म्हणाले, "महाराज, लक्ष्मी उठोन गेली. नाईक आणि श्वान आजच सीमेपार करावे." सुभानजीने पागोटे काढून गादीपुढे ठेविले. म्हणाला, "महाराज, लक्षुमी न्हवती ती, खाज हुती. मुका जीव सांगनार कुनाला? मला हाकला. पर त्याला पुन्ना मधात बुडवू नगा, येवढंच मागतो." हे ऐकोन महाराजांनी आपल्या मोजडीकडे पाहिले. मग आज्ञा जाहली जे, तुळजाई राहावी, लिहिणार राहावा, बाकी सर्वांनी बाहेर जावे. दारे लागली. महाराजांनी मोजडी काढिली, मोजा काढिला, पाय पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडल्या होत्या, तांबड्या, भेगाळलेल्या. गादीवर बसल्यापासोन नित्य कोणी ना कोणी मानकरी येऊन दुधामधाने पाय धूत असे, आणि चार लोकांसमोर राजाने पाय खाजवावा कैसा? महाराज हळूच म्हणाले, "बाई, आमचेही पाहून सांगा." तुळजाईने वाकून पाहिले, वास घेतला आणि म्हणाली, "महाराज, हे कुत्र्याच्यापरीस जुनं हाय."

येणेप्रमाणे नाईक आणि श्वान राज्यात राहिले. बारा वर्षे सीमोल्लंघनास पालखीतून जाणारे महाराज त्या दिवशी अनवाणी, बुलंदजंगांचे मागे, कोरड्या पायवाटेने चालले, आणि मधेच एके ठिकाणी थांबून, सर्व सैन्यादेखत, पोटभर पाय खाजविला. नारोभटांनी पोथीत "कोरडे पाऊल स्थिर लक्ष्मीचे" ऐसे वचन काढिले. वाचणारांनी आपापले पाय पुसावे, विशेष काय लिहावे.