दामूगुरुजी प्रदर्शन दाखवतात

आमच्या दामूगुरुजींना कुठल्याही उभ्या वस्तूचं माहात्म्य सांगता येतं. एकदा गल्लीत बिजली गेली, वायरमन ट्रान्सफॉर्मरवर चढलेला, आणि गुरुजी यवतमाळहून काशीला आलेल्या यजमानांना घेऊन खालून चाललेले. एका काकांनी विचारलं, "गुरुजी, हे काय?" गुरुजी क्षणभरही थांबले नाहीत. "हे तेजःस्थान. अत्यंत जागृत. लांबूनच नमस्कार करा, हात लावू नका!" काकांनी केला. वायरमननं वरून आशीर्वाद दिला.

गुरुजी मंगला गौरीच्या देवळाजवळ राहतात, आमच्या समोरच. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना काशी दाखवणं हा त्यांचा पिढीजात धंदा. आवाज असा की भोसले घाटावर "मंडळीऽऽ, लक्ष इकडे!" म्हटलं की गंगेपलीकडच्या वाळूतले उंटही वळून बघतात. ही हाक मी हुबेहूब काढतो. एकदा गुरुजींचे सहा यजमान माझ्या मागे थेट चाटच्या दुकानात आले होते.

घरात गुरुजी आणि मुलगी मुक्ता, दोघंच. मुक्तानं युनिव्हर्सिटीत पेंटिंग केलं, तेही अमूर्त. वर्षभरापूर्वी तिनं एक मोठं चित्र घरी आणलं. गुरुजींनी ते उजेडात धरलं, उलटं केलं आणि विचारलं, "हे पुसायचं फडकं कितीला पडलं?"

मुक्ता चित्र उचलून युनिव्हर्सिटीजवळच्या लंका मोहल्ल्यात मैत्रिणीच्या खोलीत राहायला गेली. तेव्हापासून बोलचाल बंद.

मग अस्सी घाटाकडच्या एका हॉलमध्ये पाच चित्रकारांचं प्रदर्शन लागलं. मुक्ताचं पहिलंच. मला म्हणाली, "बाबांना सांग. येणार नाहीत, पण सांग."

मी सांगितलं. गुरुजी सुपारी कातरत म्हणाले, "सीझन चालू आहे रे. मला मरायला फुरसत नाही."

प्रदर्शनात मात्र फुरसतच फुरसत. शेवटच्या दिवशी दुपारी हॉलमध्ये पाच चित्रकार, मी आणि गार झालेले समोसे. कुणी आलं की मुक्ता दाराकडे बघायची. दोनदा कुत्रा आला, एकदा एक बाई बाथरूम विचारायला.

आणि बाहेरून आवाज आला, "मंडळीऽऽ, चपला इथेच काढा!"

मला वाटलं माझ्याच तोंडून निघाला. पण नाही. गुरुजी बार्शीकडची वीस-पंचवीस माणसं घेऊन आत शिरले. मुक्ताकडे बघितलंही नाही. जणू राजा घाटानंतर पुढचं ठिकाण हेच.

पहिलं चित्र नुसतं काळं. "हे अमावास्येचं कुंड. फार खोल आहे, वाकू नका!" पुढची रांग मागे सरकली.

दुसऱ्यात लाल रंगावर दोन रेषा. "त्रिवेणी! दोन धारा दिसतात, तिसरी गुप्त."

तिसरा कॅनव्हास कोरा पांढरा. मी म्हटलं, आता अडकले. गुरुजींनी डोळे मिटले. "इथे मूर्ती होती. शेकडो वर्षं लोकांनी हात फिरवून फिरवून... झिजली." एका आजींनी पदर सावरला आणि खाली झेंडूचं फूल ठेवलं. पोनीटेलवाला चित्रकार आधी भडकला. मग त्याला दिसलं की त्याच्या चित्रासमोर पहिल्यांदाच गर्दी आहे. माझ्या कानात म्हणाला, "यार, गुरुजी से कहो, ये कहानी हमको लिखवा दें."

मग मुक्ताचं चित्र आलं. राखाडी, मध्ये मळका पिवळा, कोपऱ्यात भगवा डाग. तेच फडकं.

गुरुजी समोर उभे राहिले. मंडळी कान टवकारून. गुरुजींनी खाकरून घसा साफ केला. पुढे शब्दच नाही.

"गुरुजी, हे कुठलं?" मागून कुणीतरी विचारलं.

मुक्ता जवळ आली. जीभ बापाचीच. "का हो बाबा? कोऱ्या कॅनव्हासचं माहात्म्य आहे, माझं नाही?"

गुरुजी हळू बोलले. इतक्या हळू बोलता येतं त्यांना, हे मला ठाऊकच नव्हतं.

"त्या लोकांचं काय, मनानं रचून सांगितलं. चुकलं तर चुकलं. तुझं रचून कसं सांगू? रोज घाटावरून येताना इथल्या दारापर्यंत येतो गं. आत यायचा धीर होत नव्हता. म्हणून आज माणसं घेऊन आलो."

मुक्ता चित्राशेजारी जाऊन उभी राहिली.

"तू सांग," गुरुजी म्हणाले आणि बाजूला सरकून यजमानांच्या पुढच्या रांगेत उभे राहिले. त्यांचा फोन वाजला, घाटावर खोळंबलेला नाववाला असणार; त्यांनी तो न बघताच कापला.

मुक्तानं सुरुवात केली. आधी प्रदर्शनात बोलतात तशी हिंदीत, मग अडखळत घरच्या मराठीत. गुरुजी मान हलवत होते. समजत होतं की नाही, देव जाणे.

मागून बार्शीच्या आजी ओरडल्या, "पोरी, जरा मोठ्यानं सांग गं! आम्हीबी त्यासाठीच आलोय."