घरगुती ड्रॅगनची कवळी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी घडवलेल्या कवळीतून शब्द सांडत नाही! बावीस वर्षं दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवतोय. घरात ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं, अशी म्हातारी माणसं माझी कवळी घालून भांडणं जिंकून आलीत. आणि दुसरी गोष्ट: विकतच्या सामानावर खेळणाऱ्याला मी खेळाडूच मानत नाही.

खेळ कोणता, तेही सांगतो. टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, तो मी. बाकीच्यांनी त्या गोष्टीतले शूरवीर व्हायचं. पण "मी राक्षसाला तलवार मारली" असं नुसतं म्हणून भागत नाही, वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो. आकडा मोठा पडला तर वार बसला, लहान पडला तर तलवार आपल्याच पायावर! गेली चार वर्षं दर रविवारी दुपारी आमच्या घरी हा उद्योग चालतो. वीर दोनच. एक सरकारी भूमापक, त्यांना आम्ही मोजणीसाहेब म्हणतो. ते गोष्टीतल्या जंगलाचंही क्षेत्रफळ विचारतात. दुसऱ्या म्हणजे इस्पितळातल्या सिस्टर. आठवडाभर त्या पेशंटना जपतात आणि त्याचा सगळा वचपा रविवारी राक्षसांवर काढतात.

सामान मात्र झाडून सगळं घरचं! कवळीचा मसाला उरतो, त्यातून मी फासे ओतलेत, त्यामुळे ते हिरड्यांसारखे गुलाबी आहेत. फासे घरंगळून कपाटाखाली जाऊ नयेत म्हणून केकच्या ट्रेला आतून बायकोच्या जुन्या फ्लॅनेलच्या गाऊनचं अस्तर लावलंय. (गाऊन जुना झाला हे मीच ठरवलं होतं.) मोजणीसाहेबांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून पायाखाली ज्ञानकोशाचे तीन जाड खंड चादरीत शिवून ठेवलेत. आमच्या लग्नात सासरेबुवांनी दिले होते. इतका उपयोग त्यांचा आधी कधीच झाला नव्हता! माझा फासा कुणाला दिसू नये म्हणून माझ्यापुढे खोक्याच्या पुठ्ठ्याचा पडदा. पण पडद्याआड चार वर्षांत मी एकदाही खोटं बोललो नव्हतो हं.

राक्षसही मीच बनवतो. तिसरा राक्षस फ्रिजवर चढला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, या घरात हे राहणार की मी, ते एकदाच ठरवा." म्हणून मी नियम केला आणि मोठ्या अक्षरांत भिंतीवर चिकटवला: अखेरचा वार जो करील, त्याने राक्षस आपल्या घरी न्यावा.

आता सासरेबुवांकडे येऊ. ते निवृत्त ग्रंथपाल. अडतीस वर्षं त्यांनी नुसत्या नजरेने वाचनालय गप्प ठेवलं. त्या रविवारी संध्याकाळी सहाला तिथल्याच सभागृहात त्यांचा सत्कार होता आणि त्याला उत्तर म्हणून त्यांचं भाषण. आयुष्यात इतरांना बोलू दिलं नाही, आता पहिल्यांदा स्वतः बोलणार! आणि नेमकी तीन आठवडे आधी त्यांची कवळी बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. बोळक्या तोंडाने बोलायचं नाही म्हणजे नाही, अशी त्यांनी प्रतिज्ञाच केली. काय सांगायचं ते वाचनालयाच्या जुन्या कार्डांच्या पाठीवर लिहून. मला आलेलं पहिलं कार्ड असं: "नवी कवळी करावी. पुढच्या दोन दातांत फट ठेवावी, माझी होती तशी. नाहीतर लोक मला ओळखणार नाहीत." "फट" या शब्दाखाली लाल रेघ.

कवळी अशी झकास झाली की विचारू नका! शनिवारी डॉक्टरांनी ती बसवून पाहिली, शेवटचं पॉलिश मी घरी केलं आणि डबीत ठेवली. रविवारी पाच वाजता बायको तिच्या बाबांना घेऊन येणार, मी कवळी देणार, सहाला भाषण. सगळं कसं चोख!

पण त्याच दुपारी माझा ड्रॅगन होता. चार वर्षांच्या गोष्टीतला सगळ्यात मोठा! व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीचं धड, आणि डोक्याला माझा जुना चामडी बूट. तळवा पुढून उकललेला असल्यामुळे जबडा आयताच मिळाला. वरून हिरवा रंग. अडलं ते दातांपाशी. मागच्या राक्षसाचे दात मी पुठ्ठ्याचे केले होते, तेव्हा सिस्टर म्हणाल्या होत्या, "हा चावणार आहे की भिजणार आहे?" ते माझ्या फार जिव्हारी लागलं होतं. कवळ्या घडवणाऱ्याच्या राक्षसाला पुठ्ठ्याचे दात! प्रयोगशाळा रविवारी बंद. घरात दात एवढेच, डबीतले.

दोनच तासांचा तर प्रश्न होता! मी काही अडाणी नाही, बूट आतून जंतुनाशकाने दोनदा पुसला. मग मेण लावून कवळी जबड्यात बसवली. खरं सांगतो, असा ड्रॅगन आजवर झाला नसेल. थोडा हिरवा रंग हिरडीला लागला, पण म्हटलं, बघू नंतर.

तीनला दोघं आले. सिस्टर दारातच थबकल्या. "अगं बाई! काय दात आहेत!"

"घरचेच आहेत," मी नम्रपणे म्हणालो.

मोजणीसाहेबांनी खिशातून पट्टी काढली. "फट दोन मिलिमीटर. मुद्दाम ठेवलीत?"

"याला मी कुठेतरी पाहिलंय हो," सिस्टर डोळे बारीक करून म्हणाल्या. "पुस्तक परत करायला उशीर झाला की असंच कुणीतरी बघतं माझ्याकडे."

मी घाईघाईने लढाई सुरू केली. ड्रॅगनचा जीव म्हणजे बरणीतली साठ झाकणं, बाटल्यांची. वार बसेल तशी झाकणं काढायची. पहिल्या अर्ध्या तासात बावीस गेली आणि मोजणीसाहेब हात चोळत म्हणाले, "आज हा माझ्याकडे येणार! कपाटात जागा करून ठेवलीय. इथून घरी ठेवतो आणि साडेपाचच्या गाडीने चार दिवस दौऱ्यावर."

मी भिंतीकडे पाहिलं. नियम! माझाच नियम, माझ्याच अक्षरात, माझ्याच भिंतीवर! ड्रॅगन मेला की सासरेबुवांचे दात मोजणीसाहेबांच्या कपाटात कुलूपबंद. खरं सांगावं तर समोर सिस्टर. कुणाच्या तोंडातली वस्तू मी बुटात घातली हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी मला त्या केकच्या ट्रेमध्ये ठेवून उकळलं असतं. आता एकच उपाय: ड्रॅगन मरता कामा नये!

आणि मी, चार वर्षांचा सत्यवचनी माणूस, पडद्याआडून झाकणं परत बरणीत टाकू लागलो.

"थांबा," मोजणीसाहेब म्हणाले. "साठातली बावीस गेली, उरली अडतीस. मग इथे एक्केचाळीस कशी?"

"ड्रॅगनच्या जखमा भरतात."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

"वीस वर्षं मी जखमा बघतेय," सिस्टर म्हणाल्या. "गप्पा मारता मारता भरलेली एकही पाहिली नाही!"

मोजणीसाहेबांनी तावातावाने फासा टाकला. एकोणीस!

"ड्रॅगन वाकला," मी म्हणालो.

"अहो, गुहा सहा फूट उंच, ड्रॅगन साडेपाच. वाकून वाकून जाईल कुठे?"

एवढ्यात दाराची कडी वाजली. बायको आणि तिचे बाबा! एक तास आधी! सासरेबुवा कडक इस्त्रीत, खिशात भाषणाची अकरा पानं.

"बाबांना दम धरवेना," बायको म्हणाली. "द्या कवळी."

"देतो ना! पॉलिश वाळतंय अजून. बसा, बाबा, बसा!" माझीच बोबडी वळत होती.

सासरेबुवा माझ्या शेजारीच बसले. दिसेल ते वाचायची त्यांना सवय, त्यांनी भिंतीवरचा नियम वाचला. मग चादरीत शिवलेल्या खंडांकडे पाहिलं. चादर फाटलेल्या जागेतून सोनेरी अक्षरं दिसत होती. ते काही लिहिणार इतक्यात मी पुन्हा एक झाकण बरणीत सारलं, आणि ते त्यांनी पाहिलं. लगेच कार्ड आलं: "जखमा भरण्याचा नियम कुठे नमूद आहे?"

"बघा!" सिस्टर ओरडल्या. "बाबा, तुम्ही आमच्याकडून खेळा. माझा फासा घ्या. ड्रॅगनला काय करायचं ते सांगा."

सासरेबुवांनी क्षणभर ड्रॅगनकडे रोखून पाहिलं. मग कार्ड: "मी त्याला शांत बसायला सांगतो."

"त्याला वीसच पडायला हवेत," मी सुटकेचा श्वास टाकत म्हणालो.

गुलाबी फासा फ्लॅनेलवरून सावकाश गेला, एकोणीसवर रेंगाळला आणि कलंडला. वीस!

मी हबकलो, आणि पुढच्याच क्षणी डोक्यात प्रकाश पडला. अखेरचा वार सासरेबुवांचा! म्हणजे ड्रॅगन त्यांचा! "मेला!" मी सगळ्यांच्या वर ओरडलो. "गप्प बसला आणि जागच्या जागी मेला! बाबा, द्या इकडे, छान बांधून देतो!"

पण त्यांनी चष्मा लावला होता. दोन बोटांनी त्यांनी बुटाचा जबडा उघडला, आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी लाल पेन काढलं: "फट ओळखीची आहे."

बायकोने कार्ड वाचलं. बूट पाहिला. मग मला पाहिलं.

"नियमाप्रमाणे," मी म्हणालो, "ते तुमचेच आहेत, बाबा."

पुढचा तास मी फारसा सांगणार नाही. सिस्टरनी कवळी ताब्यात घेतली आणि ती घासता घासता मला जे सुनावलं, त्यानंतर माझेही दात घासल्यासारखे वाटू लागले. मोजणीसाहेब टॉर्च धरून उभे राहिले, त्यांची गाडी चुकली. सगळा रंग निघाला, फक्त डाव्या कोपऱ्यात हिरवट छटा राहिली. पावणेसहाला सासरेबुवांनी आरशासमोर कवळी घातली. तरीही बोलले नाहीत. मला फक्त एक कार्ड: "पहिल्या रांगेत बसा."

सभागृह खचाखच भरलं होतं. मी देवाला विनवत होतो, कवळी हलू देऊ नको, सुटू देऊ नको, तीन आठवड्यांनी माणूस तोंड उघडतोय! सासरेबुवा माइकसमोर आले. अकरा पानं काढली, त्यांच्याकडे पाहिलं, घडी घातली आणि परत खिशात ठेवली.

"मित्रहो," ते म्हणाले, "आज दुपारी साडेचारपर्यंत माझे दात एका बुटात होते."

मग त्यांनी सगळं सांगितलं, स्वतः पाहिलेलं आणि सिस्टरनी कवळी घासताना पुरवलेलंही. बूट, मेण, झाकणं, "आत्तापासून" हा माझा शब्द, गाऊन, आणि ज्ञानकोश कोणाच्या पायाखाली गेला तेही खंडांच्या क्रमांकासकट. चाळीस मिनिटं! लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते. बायकोसुद्धा हसली, फक्त गाऊनच्या वेळी थांबली. शेवटच्या रांगेत एक आजोबा कानामागे हात धरून बसले होते, पाचव्या मिनिटाला त्यांनी हात खाली घेतला.

मी मान खाली घालून बसलो होतो. पण कारागीर म्हणून एवढं कबूल करायलाच हवं: एकही शब्द सांडला नाही.