माझी उजवी बाजू

नट म्हणून मी आजवर कुणावरही जळलेलो नाही! जळायला समोर तोलामोलाचा माणूस लागतो, आणि बेळगुंदीपासून खानापूरपर्यंत तसा कुणी मला दिसलेला नाही. आमच्या गावच्या यात्रेत दर वर्षी नाटक होतं आणि गेली बावीस वर्षं त्याचा नायक मीच. दिवसा मी खासबागेतल्या एका हायस्कुलात क्लार्क असतो, पण तो माझा जोडधंदा समजा.

नटाला स्वतःची स्टाइल लागते. गळ्यात मरून मफलर, मे महिन्यातसुद्धा. काळा गॉगल, पण डोळ्यांवर नाही, केसांवर. बोलण्याआधी दोनदा खाकरायचं. आणि उभं राहायचं ते कायम उजवा गाल पुढे करून, कारण माझी उजवी बाजू जास्त देखणी आहे. लग्नाच्या फोटोतसुद्धा मी रचनाकडे न बघता मांडवाच्या खांबाकडे बघतोय! कुणी विचारलंच तर माझं एकच उत्तर, "आर्टिस्ट माणूस हाय मी!"

आता भरमूचं सांगतो. भरमू माझा साडू, म्हणजे रचनाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पिरनवाडीला असतो, टेम्पो चालवतो. डोक्यावर मोजून चाळीस केस. आमच्या नाटकाचे पडदे आणि माझी कपड्यांची ट्रंक इतकी वर्षं त्याच्याच टेम्पोतून यायची. गेल्या वर्षी तो एका टीव्ही मालिकेचं सामान घेऊन निपाणीला गेला. तिथे कुणीतरी नट आला नाही, आणि दिग्दर्शकानं यालाच उभं केलं! काम एका दिवसाचं होतं. ते वाढत वाढत रोजचं झालं!

मी बावीस वर्षं स्टेजवर रडलो, मेलो, एकदा तर खरोखरच खाली पडून हात मोडून घेतला, आणि टीव्हीवर कोण? टेम्पो ड्रायव्हर! पोटात असा जाळ झाला की दोन तांबे ताक प्यालो तरी विझेना.

घरात मी फर्मान काढलं. त्या मालिकेचं नाव या घरात निघणार नाही! संध्याकाळी साडेसातला मालिका सुरू व्हायची, त्याच्या आधी पाच मिनिटं मी चपला घालून फिरायला बाहेर.

"अवं, एकदा तरी बघा की," रचना म्हणायची. "भरमूभावजी लई झ्याक करत्यात."

"टेम्पो झ्याक चालवतो त्यो. पुढं बोलू नको!"

"बरं बाई, न्हाय बोलत." आणि पदर तोंडाला लावून आत जायची. मला वाटायचं, हिला माझं दुःख कळलंय. रडत असेल बिचारी.

पण बघा, देव असतो! दोन महिने गेले आणि अचानक लोक मलाच ओळखायला लागले. बाजारात मेथीची जुडी निवडत होतो, तर भाजीवाली माझ्याकडे बघून खुदकन हसली.

"अण्णा, एकदा म्हणा की ते!"

"काय म्हणू?"

"तेच वो! तुमचं ते!"

मी दोनदा खाकरलो, उजवा गाल पुढे केला आणि म्हणालो, "आर्टिस्ट माणूस हाय मी!" अख्खी भाजी गल्ली टाळ्या वाजवायला लागली! जुडी फुकट मिळाली! दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी फोटो मागितला. बसमध्ये एका म्हाताऱ्यानं उठून जागा दिली. मी हिशेब लावला, गेल्या यात्रेतला माझा मरणाचा प्रवेश आता लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय. खरी कला मुरायला वेळ लागतोच.

त्यातच निपाणीहून बाहुबली शेठचा फोन आला. मालिकेचं शूटिंग चालतं तो बंगला यांचाच.

"अण्णा, येत्या रविवारी सत्कार ठेवलाय. भरमूअण्णा हायतच. पण तुमी पाहिजेच बगा! तुमच्याबिगर मजा न्हाय!"

याचा अर्थ तुम्हीच सांगा! भरमूचा सत्कार नावाला, खरा माझा. मी चाळीस मिनिटांचं भाषण बसवलं. विषय: कला, कीर्ती, कुटुंब आणि मी. मध्ये भरमूला तीन टोमणे, तेही असे की त्याला घरी गेल्यावर कळावेत. मफलर इस्त्री केला. रचना नवं इरकल नेसून निघाली, आणि वाटभर खिडकीबाहेर बघत खांदे हलवत होती.

"काय झालं गं?"

"काय न्हाय. ठसका लागला."

हॉलच्या दारात तर कहरच झाला! मी गाडीतून उतरलो आणि गर्दीनं मला गराडा घातला. सेल्फी, सह्या, एका बाईनं तर बाळाला माझ्या कडेवर देऊन फोटो काढला. "बर्री, बर्री, या आत!" म्हणत बाहुबली शेठनी मला हाताला धरून आत नेलं. तेवढ्यात पाठीमागून भरमू आला. पांढरा शर्ट, टक्कल, हातात डबा. दारावरच्या माणसानं त्याला अडवलं.

"ड्रायव्हर लोकांचं जेवाण मागच्या अंगाला हाय."

आणि तो गेला की मागच्या अंगाला! सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला जे सुख झालं ते माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

माझ्या गळ्यात हार घातला गेला. "आधी अण्णांनी दोन शब्द बोलावेत," शेठ म्हणाले. मी माईकसमोर गेलो. दोनदा खाकरलो. हशा! उजवा गाल पुढे केला. टाळ्या! म्हटलं चला, रसिक लोक आहेत.

"कला रक्तात असावी लागते! आजकाल कुणीही उठतो, स्टिअरिंग सोडतो आणि कॅमेऱ्यापुढं उभा राहतो!"

हॉल कोसळायचा बाकी राहिला! पुढच्या रांगेतली एक आजी डोळे पुसत होती.

"हसू नका! मी मनापासून बोलतोय!"

आणखी हशा!

"बावीस वर्षं! बावीस वर्षं घासली मी!"

लोक माझ्याबरोबर म्हणायला लागले, "बावीस वर्षं!" मी चिडलो. जितका चिडत गेलो तितके ते हसत गेले. शेवटी मफलर झटकून, पाय आपटून ओरडलो, "आर्टिस्ट माणूस हाय मी!" आणि सगळा हॉल उभा राहिला!

शेठची मुलगी ब्राह्मी डोळे पुसत माईकवर आली. "हे अस्सल अण्णा झाले! आता बघूया, यांच्यावरून बसवलेलं!"

यांच्यावरून काय बसवलेलं? दिवे मंद झाले. पडद्यावर मालिका सुरू झाली.

आणि पडद्यावर मी आलो!

मरून मफलर. केसांवर गॉगल. दोनदा खाकरणं. उजवा गाल. विगाखाली तो भरमू होता, पण तो मीच होतो! मालिकेतलं पात्र कोणतं? धाकट्या साडूचं बरं चाललंय म्हणून रात्रंदिवस जळणारा थोरला साडू! पडद्यावरचा मी साडेसातच्या आधी पाच मिनिटं चपला घालून घराबाहेर पडत होता. हे त्याला कुणी सांगितलं असणार? मी रचनाकडे बघितलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. ठसका कसला, दोन महिने ही बाई हसत होती!

मला राग यायला हवा होता. आलाही. पण खरं सांगतो, त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. पडद्यावरचा तो माणूस एकटाच पायरीवर बसून मफलरची घडी घालत होता, आणि मी केसांवरचा गॉगल डोळ्यांवर ओढला. बावीस वर्षांत मला असं एकदाही जमलं नव्हतं. मेल्यानं मला माझ्यापेक्षा चांगला केला होता!

दिवे लागले. भरमू मागच्या दारानं स्टेजवर आला आणि सरळ माझ्या पाया पडला.

"अण्णा, मला ॲक्टिंग येत न्हाय. दर यात्रेला पडदे उतरवून मी विंगेत बसायचो, तुमाला बघत. तेवढंच येतंय मला. रागावलासा व्हय?"

मी त्याला उठवलं, गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला. तरीही उजवा गाल फोटोवाल्याकडेच होता, सवय!

गोष्ट इथे संपली असती तर मी मोठ्या मनाचा ठरलो असतो. पण गेल्या महिन्यात भरमूच्या टेम्पोची कामं वाढली. रोज शूटिंगला जमेना म्हणून त्यानंच दिग्दर्शकाला माझं नाव सुचवलं. मी मनात म्हटलं, माझीच भूमिका, माझाच मफलर, कोण अडवतो! निपाणीला गेलो. खाकरलो, गाल वळवला, म्हणायचं ते म्हणालो.

दिग्दर्शकानं दोन मिनिटांत हात वर केला.

"थांबा, अण्णा. तुम्ही फार ओढून ताणून करताय. भरमूंचं बघा जरा, किती खरं वाटतं!"

काम भरमूकडेच राहिलं, आणि तेव्हापासून मी फिरायला जाणं बंद केलंय. रोज साडेसातला टीव्हीपुढं बसतो, मांडीवर वही घेऊन. रचना चहा आणून देते आणि विचारते, "काय लिवलासा आज?"

काय लिहिणार? मी कसा खाकरतो, ते शिकतोय!