बाबांच्या चेहऱ्याची मुदतवाढ

बाबा अठ्ठावन्न पूर्ण करून सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, त्याच संध्याकाळी त्यांच्या चेहऱ्याची त्वचाही निवृत्त झाली.

निरोप समारंभ कचेरीतच झाला. बाबांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. साहेब भाषणात म्हणाले, घोडके म्हणजे शिस्त. घरी येऊन बाबा तोंड धुवायला बेसिनपाशी उभे राहिले तेव्हा त्यांचं कपाळ म्हणालं, "आमचीही सेवा आज संपली. गाल, हनुवटी आणि डोळ्यांभोवतालची मंडळी माझ्याबरोबर आहेत. कळावे." बाबांचे ओठ मिटलेले होते. आवाज कपाळाचाच होता, पातळ आणि कोरडा. मग सगळा चेहरा एकदम सैल पडला, कामाची पाळी संपल्यावर माणसं बाकावर बसतात तसा.

डोळे, कान आणि ओठ सेवेत राहिले. त्यांची नेमणूक वेगळ्या तारखेची असावी.

यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं आमच्या बार्शीत बऱ्याच जणांनी विचारलं. घाबरण्यासारखं हे, की बाबांनी आयुष्यात तोंडाने कधी काही सांगितलेलं नव्हतं. कपाळावर दोन आठ्या म्हणजे भाजी खारट. एक आठी म्हणजे पाहुण्यांना लवकर वाटेला लावा. डावा गाल किंचित वर म्हणजे जमलंय, पण डावा गाल फार क्वचित वर जायचा. आईने तीस वर्षं त्या कपाळावर बघून संसार केला. त्या पिढीच्या पुरुषांची पद्धतच ही: राग कपाळाने करायचा, माया गालाने करायची, आणि आपण पेपर वाचायचा.

आता आई ताट वाढून उभी राहायची आणि बाबांच्या चेहऱ्याकडे बघायची. चेहरा काहीच सांगायचा नाही. बाबा जेवून उठायचे. आई रिकाम्या ताटाकडे बघत बसायची. मग तिने आमटी बदलली. मग भाकरीची चपाती केली, चपातीची पुन्हा भाकरी केली. शेवटी ती स्वतःच जेवेनाशी झाली.

"शनिवारी मी मोहोळला माझ्या दादाकडे जाते," एका सकाळी ती लसूण सोलता सोलता म्हणाली.

"किती दिवस?"

"ते तिकडं गेल्यावर बघू."

"आई, म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे? ज्या घरात आपलं काय चुकलं तेच कळत नाही, तिथं माणसानं किती दिवस उभं राहायचं, रेवू?"

"अगं, त्यांना सरळ विचार ना."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला गच्चीवरून उडी मारायला सांगितलं होतं. "असं कसं विचारायचं? कधी विचारलंय?"

मी बी.फार्म. दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते आमच्या नातेवाइकांना विचारा, त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त कारणं आहेत. सध्या मी बाजारपेठेत एका दुकानात चेहऱ्याला लावायच्या वस्तू विकते. तेव्हा बाबांचा चेहरा पुन्हा कामावर आणणं माझ्याकडेच येणार होतं.

सबनीसकाका त्या दिवशी बाबांना भेटायला आले. ते त्याच कचेरीतले. त्यांची मान त्यांच्याआधीच स्वेच्छानिवृत्त झालेली आहे, आणि ती आता कुणापुढे झुकत नाही याचा त्यांना अभिमान आहे. नोकरीत असताना ती दुसरं काही करत नव्हती.

"खोबरेल तेल चोळा," काका म्हणाले. "आमच्या वेळी असली सीरमंबिरमं नव्हती."

"काका, बसलेल्या माणसाला तेल चोळलं तर तो उठतो का? आणखी आरामात बसतो."

"ही पोरगी फार बोलते, घोडके."

बाबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. काका गोंधळले आणि चहा न पिता गेले.

दुकानात पेप्टाइडची तीन सीरमं होती. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा. त्वचेला वाटतं की वरून संदेश आलाय, कामाला लागा. एवढंच असतं ते, बाटलीवर काहीही छापलेलं असो. पहिलं सीरम आठ्या सैल करणारं होतं. ते राबणाऱ्या कपाळांसाठी असतं, आमचं कपाळ आधीच पाय पसरून बसलेलं. दुसरं तांब्याचं, निळसर, डागडुजीचं. बाबांच्या चेहऱ्यात मोडलेलं काही नव्हतं, वापर कमी असल्यामुळे सगळं जवळजवळ नवं होतं. तिसरं निव्वळ संदेश देणारं. त्याला वास नव्हता आणि बाटली बंद पंपाची, अपारदर्शक होती, म्हणजे उजेडाने आणि हवेने माल खराब व्हायचा नाही. मी तिसरं घेतलं.

आधी बाबांच्या कानामागे एक थेंब लावून बघितला. काही खाज, लाली आली नाही. कान सेवेत होते, पण पूर्वीसारखेच कुणाचं ऐकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाबांना अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. चेहरा साध्या फेसवॉशने धुतला, ओलसर असतानाच सीरम टेकवत टेकवत लावलं, वरून क्रीम, आणि ऊन होतं म्हणून सनस्क्रीन. बाबा हजामतीला बसल्यासारखे मान वर करून बसले होते. मी त्यांच्या चेहऱ्याला हात लावण्याची ती पहिलीच वेळ. गाल मऊ होते. मला ते अपेक्षित नव्हतं.

"संदेश मिळाला," कपाळ म्हणालं.

"मग या कामावर."

"संदेश बाहेरचा आहे. निवृत्त कर्मचारी बाहेरच्या संदेशावर रुजू होत नाही. चेहरा ज्यांचा आहे त्यांनी स्वतः विनंती करावी. तोंडी चालेल. मात्र काम काय, ते स्पष्ट सांगावं."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "नियम आहे तसा."

"मग करा ना विनंती!"

बाबा कुंपणावरच्या वेलाकडे बघत बसले. मी सांगून बघितलं, ओरडून बघितलं. तुम्ही जन्मभर लोकांना चार-चार खेटे घालायला लावलेत, आता स्वतः एक वाक्य बोला, असंही म्हणाले. बाबा म्हणाले, "बघतो." हा शब्द मी ओळखते. या शब्दाखाली गावाचे दोन बंधारे गाडले गेलेत.

मी रोज सीरम लावत राहिले. कपाळ रोज पोच देत राहिलं.

शनिवारी आई बाहेरची साडी नेसून, बॅग घेऊन अंगणात आली. फाटकापाशी रिक्षा उभी होती. बाबा खुर्चीवर होते, चेहरा सीरमने ओला.

"डब्यात दोन वेळचं आहे," आई बाबांना म्हणाली. "येते मी."

बाबांचे ओठ हलले. काही आलं नाही. पुन्हा हलले.

"काम सांगा," कपाळ म्हणालं.

"ही," बाबा म्हणाले. "ही जेवायला वाढते."

"वाढते. पुढं?"

"तेव्हा गालानं जरा वर व्हावं."

"कारण?"

"चांगलं असतं म्हणून."

आई थांबली.

"कधी चांगलं असतं?" हे डाव्या गालाने विचारलं. त्याचा आवाज जरा भरदार होता.

"रोज."

"रोज चांगलं असताना आम्हाला आजवर फक्त दिवाळीत का वर घेतलं?"

"काटकसर," बाबा म्हणाले.

"आठ्यांबाबत काय आदेश?" कपाळाने विचारलं.

"आठ्या बंद. त्या कचेरीच्या होत्या. घरी आणल्या जायच्या."

"म्हणजे?" आईने बॅग खाली ठेवली. "दोन आठ्या म्हणजे भाजी खारट नव्हती?"

"भाजीचा काय संबंध. डोक्यात साहेब असायचे."

"अहो, तीस वर्षं मी मीठ कमी कमी करत आणलंय!"

"मला वाटायचं, तुला तसंच आवडतं."

"मला?" आई बॅगेवरच बसली. "मला अळणी घशाखाली उतरत नाही!"

मीही विचारून घेतलं. "आणि मी कॉलेज सोडलं तेव्हाची ती मोठी आठी? तीही साहेबांची का?"

"नाही," बाबा म्हणाले. "ती तुझीच."

ठीक आहे. निदान उत्तर तरी मिळालं.

फाटकापाशी रिक्षावाल्याने हॉर्न दिला. "मावशी, यष्टी सुटंल!"

"पुढचा मुद्दा," कपाळ म्हणालं. "या गेल्या, तर आम्ही कोणासाठी रुजू व्हायचं?"

बाबांनी खुर्चीचे हात धरले. सैल चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, त्यामुळे सगळं आवाजातच आलं आणि आवाज फाटला. "ती गेली तर मी जेवेन. भूक लागतेच माणसाला. पण समोर कुणी उभं नसेल. मला ते जमायचं नाही. तिला सांगा, जाऊ नको."

"आम्ही कशाला सांगू?" डावा गाल म्हणाला. "ती समोर बसलीय."

बाबा आईकडे वळले. "जाऊ नको," ते म्हणाले.

"आणि उभी कशाला?" मी म्हणाले. "जेवताना तिलाही बसवा की."

"बसत जा," बाबा म्हणाले. "माझ्याबरोबर बसत जा जेवायला."

आईने पदराने नाक पुसलं आणि फाटकाकडे बघून ओरडली, "जा रे बाळा, नाही यायचं मला!"

कपाळ, गाल आणि हनुवटी यांची थोडा वेळ आपसात चर्चा झाली. मग कपाळाने निर्णय वाचल्यासारखा सांगितला. "विनंतीत नमूद केलेलं काम विनंती करतानाच पार पडलेलं आहे. सबब पुनर्नियुक्तीची गरज दिसत नाही. आम्ही निवृत्तच राहतो. सीरम मात्र चालू ठेवावं, बरं वाटतं."

बाबांनी मान हलवली. नियमात बसत होतं.

मग त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, उलटसुलट करून बघितली आणि आईला म्हणाले, "तूही तोंड धुऊन ये."

"मला काय करायचंय असलं?"

"ये तर."

आई तोंड धुऊन आली आणि बॅगेवर बसली. बाबांनी बोटावर थेंब घेतला आणि तिच्या कपाळावर शिक्का मारावा तसा दाबला.

"हळू," मी म्हणाले. "टेकवायचं फक्त. चोळायचं नाही, दाबायचं नाही."

बाबांनी पुन्हा टेकवला. या वेळी नीट जमलं. आईचं कपाळ दचकलं. इतक्या वर्षांत ते कधी बोललेलं आम्ही ऐकलं नव्हतं.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

"मी आहे," बाबा म्हणाले. "तुमची सेवा किती झाली?"

"काही कल्पना नाही. आमची नेमणूक अशी कुणी केली नव्हती. काम समोर होतं, लागलो."

नेमणुकीशिवाय कुणी काम करतं हे बाबांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. मग ते कचेरीत कधी कुणाशी बोलले नसतील इतक्या मऊ आवाजात म्हणाले, "थोडे दिवस रजा घ्या. मी मंजूर करतो."

आईच्या कपाळाने बराच विचार केला.

"रजेत काय करायचं असतं?" त्याने विचारलं.

बाबांना ते माहीत नव्हतं. त्यांनी बोटावर आणखी एक थेंब घेतला.