धुरीकाकांच्या चाकूतले दोष

धुरीकाकांच्या उजव्या अंगठ्याला नख टिकत नसे आणि त्याचा दोष ते युरोपला देत.

मुलुंडला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये ते राहत. त्यांच्या खिशात कायम एक युरोपात बनलेला चाकू असे, घडीचा. त्यात लहान-मोठी पाती, कातर, करवत, स्क्रूड्रायव्हर, डबा उघडायचं हत्यार, दाभण, असे एकूण अकरा नग. पातं उघडण्यासाठी त्याला नखाएवढी खाच असते. ती खाच उथळ आणि स्प्रिंग कडक. त्यामुळे पातं जागेवर राही आणि नख निघे. शेवटी काकांनी चाकू उघडण्यासाठी एक नाणं जवळ बाळगायला सुरुवात केली.

"बघ, हत्यार उघडायला हत्यार," ते मला म्हणाले. "रिजेक्ट!"

हा शब्द नोकरीतला. भांडुपच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्टर होते. तयार माल मोजून बघायचा आणि माप चुकलं की परत पाठवायचा. निवृत्तीनंतर तपासायला माल उरला नाही, म्हणून त्यांनी आम्हाला घेतलं. सोसायटीचं नवं फाटक, जिन्याची तिसरी पायरी आणि माझ्या बहिणीच्या लग्नातली जिलबी त्यांनी नापास केली होती. जिलबीच्या वेढ्यांत सारखं अंतर नव्हतं.

चाकूवर मात्र त्यांचा खास राग. कातर ओढली की करवत आणि दाभणही बाहेर येत. "एकाला बोलावलं की अख्खं खटलं येतं!" बूच काढायचा पिळाचा खिळा त्यांना विशेष झोंबे. त्यांच्या घरात बूच असलेली बाटली एकच, होमिओपॅथीच्या गोळ्यांची, आणि तिचं बूच त्या खिळ्यापेक्षा लहान होतं. एका मे महिन्यात त्यांनी चाकूने हापूस कापला. पातं पुसलं, पण रस आत बिजागरीत उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिशातून मुंग्यांची रांग निघाली. त्या वेळी काका बँकेच्या रांगेत होते.

एकदा कामावर निघताना माझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला. काकांनी चष्मा ताब्यात घेतला. स्क्रूड्रायव्हर रुंद निघाला. मग दाभण लावलं, तर जोर देताच ते मिटलं आणि त्यांच्या बोटावर बसलं. चाळीस मिनिटांनी काकूंनी चष्मा ओढून घेतला आणि काडी दोऱ्याने बांधून दिली.

"अकरा हत्यारं, आणि काम झालं दोऱ्यानं," काकू म्हणाल्या.

"पण दोरा कापला कशानं?"

"दातांनी."

असे चाकू त्यांचा मुलगा सुहास मस्कतहून पाठवी. तिकडून कोणी ओळखीचं येणार असलं की त्याच्याबरोबर एक चाकू येई. चार वर्षांत चार चाकू आले. सुहास आला नाही. रजा मिळत नव्हती.

काकू त्याला एअरोग्रामवर, परदेशी टपालाच्या घडीच्या कागदावर, पत्र लिहीत. नातेवाईक, लग्नं, नळाचं पाणी, सगळं त्यात असे. शेवटची दुमडायची चार बोटांची पट्टी त्या काकांसाठी सोडत. काका तिथे चाकूचे दोष लिहीत, क्रमांक घालून. सुहासच्या उत्तरात शेवटी "बाबांना सांग" असं येई आणि पुढे चाकूच. पहिल्याची स्प्रिंग कडक, म्हणून त्याने दुसरा मऊ पाठवला. तो खिशात आपोआप उघडला आणि लेंगा गेला.

"बापलेकांचं बोलणं एवढंच," काकू मला म्हणाल्या. "तो विमानतळावर जायला निघाला, तेव्हाही हे त्याच्या बॅगेची चेन तपासत होते."

पाचवा चाकू आला आणि काका दोन दिवस त्याची उघडमीट करत बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आमचं दार वाजवलं.

"तू पेपरात प्रूफं तपासतोस, दुसऱ्यांच्या चुका काढतोस ना? यातली काढ."

मी प्रयत्न केला. पाती एकेकटी, बोटाच्या टोकाने उघडत होती. स्क्रूड्रायव्हर उघडला की खट्कन अडके, मिटत नसे. कातर कागद सरळ कापे. पिळाच्या खिळ्याच्या जागी एक बारीक स्क्रूड्रायव्हर होता, चष्म्याचा. सुहासने चारही पट्ट्या नीट वाचल्या होत्या.

"काका, पास आहे."

"पास आहे ते मलाही दिसतंय रे मेल्या! मग मी आता लिहू काय?"

"तब्येतीचं लिहा. आठवण येते म्हणून लिहा."

मी त्यांना भर बाजारात नाचायला सांगितलं असावं, तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

"तसलं सगळं आमची ही लिहिते," ते म्हणाले.

मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो. काकूंचं पत्र लिहून झालं होतं. पट्टी कोरी होती.

"आटपा लवकर. पाचला पेटी उघडतात. नाहीतर तशीच चिकटवते," काकू म्हणाल्या.

"थांब गं!"

काका पेन घेऊन बसले. पाचाला दहा मिनिटं कमी असताना त्यांनी तीन वाक्यं लिहिली. क्रमांक घातले नाहीत. शुद्धलेखन बघायला म्हणून पत्र माझ्या हातात दिलं. पट्टीवर होतं:

"चाकूत एक दोष आहे. लिहून कळणार नाही. तू आलास की दाखवतो."

"कुठला दोष, काका?" मी विचारलं.

"तो येईपर्यंत सापडेल," ते म्हणाले, आणि पट्टीला डिंक लावू लागले.