तेल थिजलं का?

गेनूकाकांच्या डोक्यावर केस औषधालासुद्धा नव्हता. पण दसरा झाला की रोज सकाळी आमच्या दाराची कडी वाजवून ते एकच विचारत, "सूनबाय, त्याल थिजलं का?"

मग माझी खोबरेल तेलाची बाटली घेणार, उजेडाकडे तिरपी धरणार आणि "आजून पाताळ हाय" म्हणत शेजारच्या दारी जाणार. पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. पिंपरीच्या चाळीत मी नवी नवरी. ह्यांची पहिल्या पाळीची घाई, स्टोव्ह पेटता पेटत नाही, त्यात काकांची ही तेलतपासणी!

काका मूळचे खेडकडचे, कारखान्यात पहारेकरी. दारापुढे रॉकेलच्या सहा डब्यांत ते बटाटे लावत. तेल थिजलं की थंडी आली, तेव्हाच बेणं मातीत घालायचं, हा त्यांच्या बायकोचा, मालनकाकींचा नियम. आधी लावलं तर उबेनं कुजतं, उशीर केला तर शिवरात्र हुकते. काकी वारल्या होत्या. शिवरात्रीला त्यांच्या नावाचं पान वाढायचं आणि त्यात घरचाच उकडलेला बटाटा ठेवायचा, हे काकांचं व्रत.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मेलं सुचायचं ते सुचलंच. ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात मी बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवली. सकाळी तेल पांढरं फटक. मीच दारात जाऊन हाक मारली, "काका, या हो, या! थिजलं!"

काका धावतच आले. बाटलीचं बूड धोतराला पुसलं, माझ्याकडे बघून हसले. "थिजलं की गं!" संध्याकाळपर्यंत सहाही डबे लावून झाले. मी पदर तोंडाला लावून हसत होते.

पंधरा दिवसांत डब्यांतून कुबट वास यायला लागला. काका काळं पडलेलं बेणं एकेक करून उकरून टाकत होते. शेवटी मी त्यांच्याकडे गेले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय," काका म्हणाले. "बाटलीला वाळू हुती."

"अगं बाई! मग लावलंत कशाला? काकींचं पान..."

"तिचं न्हाई चुकायचं. निम्मं बेणं खाटंखाली राखलंय." त्यांनी हाताची माती झटकली. "रोज मी दारोदार कडी वाजिवतो. लोकं वैतागत्यात, मला काय दिसत न्हाई व्हय? पर ती गेल्यापास्नं मला 'या' म्हून कुनी हाक मारली नव्हती, बाय. तू मारलीस. मग न्हाई कसं म्हनू?"

दुसऱ्या दिवशी कडी वाजायच्या आधीच मी दार उघडलं.

"काका, या. तेल अजून पातळच आहे. पण चहा झालाय."