चाल : पारंपरिक

कॉपीराइट या विषयात मला कुणी शिकवू नये. आयुष्यभर मी विडंबनं लिहिली, म्हणजे दुसऱ्यांच्या मालावर संसार केला, आणि एकही नोटीस आली नाही. निवृत्त होऊन मुलीकडे कॅनबेराला आलो तेव्हा वाचनात आलं, की ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात विडंबनाला सूट आहे. त्या दिवसापासून हा देश मला आवडू लागला.

कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरातल्या आमच्या मराठी मंडळालाही लवकरच कळलं, की या भागात कायद्याचा जाणकार एकच. गेल्या वर्षीच्या गणपतीत बायकांनी एका सिनेमाच्या गाण्यावर लेझीम केलं होतं आणि व्हिडिओ टाकताच साइटने त्याचा आवाज काढून घेतला होता. जाडजूड जॅकेटं घातलेल्या बायका निःशब्द उड्या मारताहेत! चंद्रावर उतरल्यासारख्या. सेक्रेटरी शौनक माझ्याकडे आला. मी म्हटलं, सोपं आहे, यंदा गाणं आपलंच करू.

शब्द मी एका दुपारी लिहून टाकले : पहाटे गाडीच्या काचेवर गोठलेलं दव आणि ते लायब्ररीच्या कार्डाने खरवडणारा नवरा. चालही आयतीच मिळाली. शेजारची मधुवंती हॉस्पिटलात नर्स आहे. शिफ्टला जाताना ती मला गाडीतून मंडळाच्या हॉलवर सोडायची आणि वाटेत एक चाल गुणगुणायची. गोड, जराशी उदास. इतकी चांगली चाल एखाद्या जिवंत माणसाची असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. अशा वेळी मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत काय छापायचं हे ठरलेलंच असतं. 'शब्द'पुढे माझं नाव, 'चाल'पुढे 'पारंपरिक'.

गणपतीच्या दिवशी मधुवंती ड्यूटीवर होती. गाणं जोरात झालं. मग मीच शौनकला सुचवलं, की हे आता कुणी चोरता कामा नये. शौनक पडला आयटीतला. त्याने साइटवर गाण्याला असं कुलूप लावलं, की जगात कुठेही ती चाल वाजली तर यंत्र भुंकलंच पाहिजे.

आणि यंत्र भुंकलं! रात्री जेवताना मी माझ्या मुलीला, विनीताला, विजयी मुद्रेने सांगितलं की चोर सापडला. तिने विचारलं, कोण? मी शौनकचा मेसेज वाचून दाखवला : मधुवंती. विनीताने हातातला घास परत ताटात ठेवला. मी म्हटलं, घाबरू नकोस, आपलीच मुलगी आहे, कोर्टात खेचायचं नाही. क्षमा करायला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन मी शेजारी गेलो.

मधुवंतीचे डोळे लाल होते. मला वाटलं, पश्चात्ताप. मी बसलो आणि कलावंताचे कष्ट, मालकी, नैतिकता यांवर सावकाश बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोनवर एक रेकॉर्डिंग लावलं. तीच चाल, तिच्याच आवाजात. मागे गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता.

"ही मी केलीय, काका. शिफ्टला जाता-येता, एकेक ओळ."

"मला वाटलं, पारंपरिक आहे."

"मी सदतीस वर्षांची आहे. परंपरा व्हायला अजून वेळ आहे."

मी शेवटचं हत्यार काढलं. "पण बाळा, इथल्या कायद्यात विडंबनाला सूट आहे."

"विडंबन कशाचं? माझं गाणं तर अजून कुणी ऐकलंही नव्हतं."

उभ्या आयुष्यात मी समीक्षकांना सडेतोड उत्तरं दिली आहेत. या वेळी मी एक शंकरपाळी खाल्ली.

मग सगळं कळलं. शहरातल्या वसंतोत्सवात नव्या संगीतकारांना मंच मिळतो, त्यात तिची निवड झाली होती. स्वतःची चाल लोकांसमोर गाण्याची ही पहिलीच संधी. आयोजकांनी तिच्या गाण्याची लिंक उघडली तर तिथे पाटी : हे गाणं दुसऱ्याचं आहे. संध्याकाळपर्यंत खुलासा आला नाही तर तिचं नाव वगळणार होते.

मी तिथूनच शौनकला फोन लावला आणि कुलूप काढायला सांगितलं. तो म्हणाला, साइट चालीच्या मालकाचा ईमेल मागतेय. "मालक परंपरा आहे ना, काका? तिचा ईमेल काय टाकू?"

"मधुवंतीचा टाक."

आयोजक बाईंना फोन मीच केला. इंग्रजीत गुळमुळीत बोलायला जे शब्द लागतात ते मला येत नाहीत, म्हणून सरळ म्हटलं, "मॅडम, आय ॲम द थीफ."

मग बाई म्हणाल्या, "ओह. नो वरीज. सो द साँग इज हर्स?"

"एव्हरी नोट."

मधुवंती भिंतीकडे तोंड करून उभी होती. खांदे हलत होते. रडतेय म्हणून मी घाबरलो, तर बया हसत होती.

वसंतोत्सवात ती गायली. सगळं मंडळ गेलं होतं. मंडळी टाळ्या वाजवत होती आणि तिच्या आईला व्हिडिओ कॉलवर मंच दाखवायचं काम माझ्याकडे होतं. ते मी न चुकता केलं. पुढच्या मीटिंगला शौनकने मंडळाच्या गाण्यात ती चाल वापरायला तिची रीतसर परवानगी मागितली. तिने लगेच दिली, फुकट दिली. फक्त 'चाल'पुढे आपलं नाव घाला म्हणाली. शब्दही नवीन लिहून देते म्हणाली, आणि सगळ्यांनी फारच पटकन मान डोलावली.

माझे शब्द वापरायचे असतील तर माझीही परवानगी लागेल, हे मी कार्यकारिणीला तेव्हाच स्पष्ट केलं. ती मी द्यायला तयार आहे. अजून कुणी मागितलेली नाही.